फोन कुणाच्या हातात आहे? : लघुसंदेशावरच्या संदर्भ सेवेतलं एक प्रकरण

मे २०२४ मधल्या एका संध्याकाळी यवतमाळ जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी सार्वजनिक ग्रंथालयाच्या फोनवर संदेश आला : ‘बापाच्या वावरात बहिनीचा हिस्सा किती असते.’ रोमन अक्षरांत लिहिलेला, नाव नाही, गाव नाही, नंबर अनोळखी.

या एका संदेशाचं पुढे काय झालं ते इथे सविस्तर मांडतो आहे. मी या ग्रंथालयाच्या कार्यकारी मंडळावर आहे. लघुसंदेशातून (एसएमएसवरून) संदर्भ सेवा, म्हणजे वाचकाच्या प्रश्नाचं उत्तर शोधून देणं, म्हटलं की ‘लोकांना झटपट उत्तरं द्यायची सोय’ असं बहुतेकांना वाटतं, मंडळातल्या काहींनाही तसंच वाटत होतं. या प्रकरणात उत्तर शोधायला फार वेळ लागला नाही. खरी कसोटी लागली ती ते उत्तर योग्य वेळी योग्य हातात पोचवताना. ग्रंथालयाचं, ग्रंथपाल बाईंचं आणि वाचक बाईंचं नाव देत नाही. गाव ओळखू येईल असे तपशीलही गाळले आहेत.

ग्रंथालय आणि त्याचा नंबर

टिपेश्वरच्या जंगलाच्या अलीकडचा हा पट्टा. कापूस, सोयाबीन, तूर. मधूनमधून गोंड-कोलाम आदिवासींचे पोड, म्हणजे वस्त्या. तालुक्याच्या गावात चार कंपन्यांचे टॉवर दिसतात, पण सहा-सात किलोमीटर आत गेलं की फोनच्या कांड्या एकेक करून पडतात. ग्रंथालयाचं रूप महाराष्ट्रात सगळीकडे असतं तसंच : १९६७ च्या ग्रंथालय कायद्याखाली मान्यता, शासनाचं अनुदान, पूर्णवेळ एक ग्रंथपाल, एक शिपाई, आणि वरच्या मजल्यावर पोलीस भरती-तलाठी भरतीच्या पोरापोरींची अभ्यासिका. देवघेवीपेक्षा अभ्यासिकेतच जास्त माणसं असतात, हे आता नवल राहिलेलं नाही.

संदेशाची सेवा कुणी ठराव करून सुरू केलेली नाही. २०२० च्या टाळेबंदीत ग्रंथालयं बंद होती, ऑक्टोबरच्या मध्याला उघडायची परवानगी मिळाली. त्या मधल्या महिन्यांत वाचक ग्रंथपाल बाईंना फोन करत. फोन लागला तर तुटायचा, म्हणून लोक संदेश टाकू लागले. ‘अमुक पुस्तक आहे का’पासून सुरुवात झाली. मग गाडगेबाबांची जयंती किती तारखेला, तुकडोजी महाराजांचा जन्म कोणत्या गावचा (शाळेतल्या भाषणासाठी), माहितीच्या अधिकाराच्या अर्जाला तिकीट किती रुपयांचं लावायचं, असे प्रश्न यायला लागले. ग्रंथालयशास्त्रात याला सिद्ध संदर्भ सेवा म्हणतात. विश्वकोश, पंचांग, शासकीय दैनंदिनी हाताशी असली की दोन मिनिटांत काम होतं.

परदेशात हे आधीच झालेलं आहे. अमेरिकेतल्या साउथईस्टर्न लुइझियाना विद्यापीठाच्या ग्रंथालयाने २००५ मध्ये लघुसंदेशावर प्रश्न घ्यायला सुरुवात केली. विद्यार्थ्याने फोनवरून पाठवलेला संदेश ग्रंथपालाच्या संगणकावर ईमेल म्हणून उतरायचा, आणि ईमेलचं उत्तर पुन्हा संदेश होऊन जायचं. तिथला वाचक म्हणजे स्वतःचा फोन स्वतःच्या खिशात असलेला तरुण. आमच्याकडे सगळं इथूनच वेगळं पडतं.

व्हॉट्सअ‍ॅप असताना संदेश कशाला, हा प्रश्न मंडळातही निघाला होता. अभ्यासिकेतली मुलं व्हॉट्सअ‍ॅपवरच आहेत आणि त्यांचा वेगळा गट आहे. संदेशावर उरले ते बटनाचा फोन वापरणारे : वावरात असलेले शेतकरी, घरातल्या मोठ्या बाया, आश्रमशाळेतले एक-दोन मास्तर. शिवाय साध्या संदेशाचा एक गुण असा, की फोन रेंजमध्ये नसला तरी तो कंपनीच्या केंद्रात ठरावीक मुदतीपर्यंत थांबून राहतो आणि फोनला रेंज मिळाली की येऊन पडतो. वावरातला माणूस टेकाडावर चढला की संदेश मिळतो. याच गुणाने पुढे आम्हाला अडचणीत आणलं.

पहिलं उत्तर

संदेश आला तेव्हा बाई ग्रंथालय बंद करत होत्या. मदतीला ग्रंथालयशास्त्राची पदवी करणारी एक मुलगी असते. ती लगेच म्हणाली, उत्तर तर सोपं आहे मॅडम, सारखा हिस्सा. टाकू का?

बाईंनी थांबवलं. त्यांचा एक नियम आहे, जो कोणत्याही पाठ्यपुस्तकात मी वाचलेला नाही : पहिल्या उत्तरात विषय येऊ द्यायचा नाही. कारण साधं आहे. या भागातल्या पुष्कळ घरांत फोन एकच असतो. सकाळी तो बापासोबत वावरात जातो, दुपारी चुलीजवळच्या फळीवर चार्जिंगला असतो, संध्याकाळी पोरगा त्यावर गाणी ऐकतो. प्रश्न पाठवणारी व्यक्ती आणि उत्तर वाचणारी व्यक्ती एकच असेल याची खात्री नाही. पुस्तकाची चौकशी असेल तर बिघडत नाही. पण ‘बापाच्या वावरात बहिणीचा हिस्सा’ या प्रश्नाचं उत्तर भलत्या माणसाने उघडलं तर घरात काय होईल, ते सांगायला नको.

म्हणून गेलेला संदेश असा होता :

‘ग्रंथालय: प्रश्न मिळाला. हा फोन तुमचाच का? उत्तर कधी पाठवू?’

कुणाच्याही हाती पडला तरी यातून काही कळत नाही. पुस्तकाची मुदत संपल्याची आठवण वाटेल फार तर.

त्या रात्री उत्तर आलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी, उन्हाळ्याची सकाळची पाळी चालू असताना, त्याच नंबरावरून मिस्ड कॉल आला आणि त्यामागोमाग संदेश : फोन नवऱ्याचा आहे, दुपारी एक वाजता घरी असतो, तेव्हा मिस्ड कॉल देते, मग पाठवा. भाषेवरून लिहिणारी शिकलेली मुलगी वाटत होती, पण ‘नवऱ्याचा’ म्हणजे विचारणारी तिची आई असावी. बाईंनी कुतूहल आवरलं. नोंदवहीत फक्त अनुक्रमांक टाकला. नंबर, नाव काही नाही.

मिस्ड कॉल हीच पोच

इथे जरा थांबतो, कारण अशी सेवा सुरू करणाऱ्या दुसऱ्या ग्रंथालयांना या प्रकरणातून उचलण्यासारखं काही असेल तर ते हेच आहे.

संदेश केव्हा पोचेल हे पाठवणाऱ्याला ठरवता येत नाही. एक वाजता पाठवला आणि तेव्हा फोन रेंजबाहेर असला, तर तो संध्याकाळी सात वाजता, सगळे अंगणात बसलेले असताना, टुंग वाजवत येईल. नेटवर्कचा जो गुण एरवी उपयोगी पडतो, तोच इथे घातक. पण मिस्ड कॉल आला याचा अर्थ त्या क्षणी फोन चालू आहे, रेंजमध्ये आहे, आणि ज्याला उत्तर हवं त्याच्या हातात आहे. या तिन्ही गोष्टी एकदम कळतात आणि पैसा लागत नाही. ‘दोनदा वाजवून कट करीन’ असं ठरलं की चुकून लागलेला कॉलही वेगळा ओळखता येतो.

दुसरं कारण पैशाचं. स्वस्तातल्या कित्येक रिचार्जमध्ये बाहेर जाणारा संदेश बसतच नव्हता. येणारा संदेश फुकट, पाठवायचा तर एक-दीड रुपया वेगळा. डिसेंबर २०२४ मध्ये दूरसंचार नियामक प्राधिकरणाने इंटरनेट न वापरणाऱ्यांसाठी फक्त बोलणं आणि संदेश असलेले रिचार्ज ठेवणं कंपन्यांना बंधनकारक केलं, पण हे प्रकरण त्याच्या आधीचं. वाचकाचा प्रत्येक संदेश त्याच्या खिशातून जात होता. म्हणून बाई प्रश्न असे विचारत की उत्तर एका आकड्यात यावं.

दुपारी एकला दोन मिस्ड कॉल आले. तालुक्याच्या गावात बेचाळीस-त्रेचाळीस अंश ऊन, रस्त्यावर कुत्रं नाही. बाई घरीच बसल्या होत्या, सोबत ती विद्यार्थिनी.

‘वडील हयात? १ हो २ नाही’

‘2’

‘मृत्युपत्र? १ आहे २ नाही ३ माहीत नाही’

या प्रश्नाचं उत्तर एका आकड्याऐवजी लांबलचक आलं : 2, भाऊ सोमवारी सहीसाठी बोलावते, रजिस्टर हापिसात, नाही केली तर काय होते.

म्हणजे पहिला प्रश्न खरा नव्हताच. हिस्सा किती हे त्या बाईला बहुधा माहीत होतं, निदान अंदाज होता. तिला जाणून घ्यायचं होतं ते सही केली नाही तर काय होतं. ग्रंथालयशास्त्रात संदर्भ मुलाखत शिकवतात ती याचसाठी : वाचक आधी सोपा, सभ्य, दुरून प्रश्न विचारतो, आणि खरा प्रश्न तिसऱ्या-चौथ्या वाक्यात येतो. समोरासमोर असलं की हे पाच मिनिटांत होतं, कारण चेहरा दिसतो. संदेशावर त्याला एक दिवस आणि एक ठरलेली वेळ लागली. विद्यार्थिनीने आदल्या संध्याकाळी ‘सारखा हिस्सा’ पाठवून दिलं असतं तर तिच्या लेखी प्रश्न सुटला असता आणि सोमवारची सही कुणालाच कळली नसती.

बाईंनी आणखी एक प्रश्न विचारला :

‘जमीन आदिवासी खात्याची? १ हो २ नाही’

हे का विचारलं, ते यवतमाळ, गडचिरोली, मेळघाटातल्या माणसाला समजावून सांगावं लागणार नाही. हिंदू वारसा कायद्याच्या कलम २ मध्ये म्हटलं आहे की केंद्र सरकारने तशी अधिसूचना काढल्याशिवाय हा कायदा अनुसूचित जमातींना लागू होत नाही. गोंड किंवा कोलाम बाईला ‘मुलीचा हिस्सा मुलाइतकाच’ असं त्या कायद्याचा हवाला देऊन सांगणं चुकीचं ठरलं असतं. (पुढे जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने छत्तीसगडमधल्या एका गोंड कुटुंबाच्या खटल्यात आदिवासी स्त्रीच्या वारसांना समान हिस्सा दिला, तो समतेच्या तत्त्वावर, या कायद्याखाली नव्हे. नोंदवहीत त्याची टीप आता चिकटवली आहे.) जातजमात विचारणं नाजूक असतं. ‘आदिवासी खात्याची जमीन’ हे सातबाऱ्याच्या भाषेत विचारणं तितकं टोचत नाही.

उत्तर ‘2’ आलं. बाईंनी कळवलं : उद्या याच वेळी.

कपाटात काय होतं

कायद्याच्या कपाटात वारसा हक्कावरचं मराठी पुस्तक होतं. चांगलं बांधलेलं, कडेला पिवळं पडलेलं, आणि नव्वदच्या दशकातल्या आवृत्तीचं. त्यात महाराष्ट्राची १९९४ ची दुरुस्ती दिलेली होती. तिने वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलाप्रमाणे जन्मतः हक्क दिला, पण २२ जून १९९४ च्या आधी लग्न झालेल्या मुलींना वगळलं. ज्या बाईची मुलगी शिकलेली आहे तिचं लग्न १९९४ च्या आधीचं असण्याची शक्यता भरपूर. त्या पुस्तकावर विसंबून राहिलं तर तिला ‘वडिलोपार्जित जमिनीत तुमचा जन्मतः हक्क नाही’ असं उत्तर गेलं असतं. छापील, ग्रंथालयाच्या शिक्क्याचं आणि कालबाह्य.

केंद्राची दुरुस्ती ९ सप्टेंबर २००५ पासून लागू झाली, तिच्यात लग्नाची अट नाही. तरी ‘त्या तारखेला वडील जिवंत असले पाहिजेत का’ यावर न्यायालयांत दुमत राहिलं. ११ ऑगस्ट २०२० रोजी विनीता शर्मा विरुद्ध राकेश शर्मा या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की हक्क जन्माने मिळतो, वडील तेव्हा हयात असण्याची गरज नाही. आणि जमीन वडिलांनी स्वतः घेतलेली असेल व मृत्युपत्र नसेल, तर १९५६ च्या मूळ कायद्यानेच मुलगी पहिल्या वर्गाची वारस आहे, मुलाच्या बरोबरीने. म्हणून ‘वडिलोपार्जित की स्वकष्टार्जित’ हा प्रश्न बाईंनी विचारलाच नाही. दोन्हीकडून उत्तर एकच येत होतं. वाचकाला जेवढं कमी विचारता येईल तेवढं बरं.

सहीचा भाग महसूल आणि नोंदणीचा. बाप वारला की वारसांची नोंद करायला पटवाऱ्याकडे अर्ज जातो (सरकारने २०२४ मध्येच तलाठ्याचं पदनाम ग्राम महसूल अधिकारी केलं, पण इकडे तलाठीसुद्धा फारसं कुणी म्हणत नव्हतं, पटवारीच). फेरफार नोंदवहीत, म्हणजे गाव नमुना ६ मध्ये, नोंद होते. हितसंबंधितांना नोटीस निघते, हरकतीला पंधरा दिवस मिळतात, हरकत आली तर ती ६-अ मध्ये जाते, आणि महसूल अधिकारी निकाल देतो. बहिणीचं नाव वारस म्हणून लागायला तिच्या सहीची गरज नाही. सही लागते ती तिने आपला हक्क सोडायचा असेल तर, आणि ते हक्कसोडपत्र दुय्यम निबंधकाकडे नोंदवावं लागतं. एकदा नोंदलं की तिला एकटीला ते रद्द करता येत नाही; दबाव किंवा फसवणूक झाली असं म्हणायचं तर दिवाणी न्यायालयात जावं लागतं.

गावाचं नाव विचारलं असतं तर ‘आपली चावडी’ या शासनाच्या संकेतस्थळावर फेरफाराची नोटीस लागली आहे का, तेही ग्रंथालयाच्या संगणकावर बघता आलं असतं. पण गाव आणि नोटीस मिळून माणूस ओळखू येतो. बाईंनी विचारलं नाही. माझ्या मते विचारायला हरकत नव्हती, निदान ‘सांगायचं असेल तर’ असं म्हणून. हा मतभेद अजून आहे.

भावाबद्दलही एक गोष्ट सांगितली पाहिजे, नाहीतर हे प्रकरण उगाच खलनायकाच्या गोष्टीसारखं वाटेल. मे महिना म्हणजे पीककर्जाच्या नूतनीकरणाचा. सातबाऱ्यावर मेलेल्या बापाचं नाव असलं की बँक अडते, आणि चार वारसांची नावं लागली की प्रत्येकाची संमती मागते. बियाण्याचे पैसे मृगाच्या आधी हवे असतात. बहिणीने हक्क सोडला की कागद एका नावावर सरळ होतो. बहिणींनाही माहेर टिकवायचं असतं. दिवाळीला लुगडं-चोळी होईल, भाचीच्या लग्नात मामा उभा राहील. कित्येक जणी समजून-उमजून सही करतात. कायदा काय म्हणतो हे ठाऊक असूनही केलेली सही वेगळी आणि ठाऊक नसताना केलेली वेगळी. ग्रंथालयाचा संबंध एवढ्याच फरकाशी.

सत्तर जागा

इंग्रजी अक्षरांत लिहिलेल्या एका संदेशात १६० अक्षरं मावतात. देवनागरीत लिहिला की मर्यादा ७० वर येते, कारण संदेशाचा आकार १४० बाइटचा असतो आणि देवनागरीचं प्रत्येक चिन्ह दोन बाइट खातं. काना, मात्रा, वेलांटी, अनुस्वार, पाय मोडायचं चिन्ह ही सगळी स्वतंत्र जागा घेतात. ‘वारसनोंदीचा अर्ज तलाठ्याकडे द्या’ या चार शब्दांनी ३२ जागा जातात. लांब संदेश पाठवला तर फोन त्याचे तुकडे करतो आणि प्रत्येक तुकड्यात ६७ च जागा उरतात. जुन्या फोनवर कधीकधी तुकडे उलटसुलट येतात.

विद्यार्थिनीचं म्हणणं होतं की उत्तरही रोमन अक्षरांत द्यावं, दुपटीहून जास्त मावेल आणि प्रश्न त्याच लिपीत आलाय. बाईंनी देवनागरीच धरली. रोमन लिपीत न आणि ण, ल आणि ळ, त आणि ट एक होतात. कायद्याच्या उत्तरात तेवढी ढिलाई परवडत नाही. शिवाय रोमन मुलगी वाचते, देवनागरी तिची आईसुद्धा वाचू शकेल. उत्तर आईचं होतं. तिच्या फोनवर देवनागरी दिसते का, हा धोका होता. काही जुन्या फोनांवर नुसते चौकोन उमटतात. पण पहिल्या दिवशीचा देवनागरी संदेश वाचूनच उत्तर आलं होतं, त्यामुळे ती खात्री झालेली होती.

दुसऱ्या दुपारी दोन मिस्ड कॉल आले आणि चार वेगवेगळे संदेश लागोपाठ गेले :

‘१/४ वडिलांच्या शेतात मुलीचा हिस्सा मुलाइतकाच. लग्न झालं तरी.’

‘२/४ सही सक्तीची नाही. नोंदणी झालेली हक्कसोड एकट्याने रद्द होत नाही.’

‘३/४ मोफत वकील: तालुका विधी सेवा समिती, कोर्टात. फोन १५१००.’

‘४/४ कायदा १९५६, दुरुस्ती २००५. छापील प्रत ग्रंथालयात ठेवली आहे.’

प्रत्येक संदेश सत्तरच्या आत. तिसरा संदेश मला सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या कलम १२ प्रमाणे स्त्रीला उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो, आणि तो तालुक्याच्या न्यायालयातच बसलेला असतो. ग्रंथपाल जिथे थांबतो तिथून पुढे कुणाकडे जायचं हे सांगणं हा संदर्भ सेवेचाच भाग आहे. ‘सही करू नका’ असं बाईंनी लिहिलं नाही. ‘करा’ असंही नाही.

विद्यार्थिनीला पाचवा संदेश टाकायचा होता : वाचून पुसून टाका. तो गेला नाही. ग्रंथालयाने असं सांगितलं की उत्तराला चोरीचा वास येतो, आणि पुसायचं की ठेवायचं हे तिला आपल्यापेक्षा चांगलं कळतं. ज्या बाईने वेळ नेमकी एकची दिली, तिला पुसायचं सुचलं नसेल असं मानणं जरा आगाऊपणाचं.

मंडळाची बैठक

पुढच्या बैठकीत बाईंनी नाव-नंबर न सांगता हे प्रकरण ठेवलं. सेवानिवृत्त गुरुजी चिडलेच. ‘आपण पुस्तकं देतो. हे वकिलीचं काम आपल्याला कोणी सांगितलं? उद्या तिचा भाऊ इथे येऊन उभा राहिला तर? तो आपला सभासद असला तर?’

शंका रास्त होती. यावर बाईंचं उत्तर मला पटलं : भाऊ आला असता तर त्यालाही हेच चार संदेश मिळाले असते, शब्द न बदलता. तीच कसोटी आता लेखी ठेवली आहे. जे उत्तर समोरच्या पक्षालाही जसंच्या तसं देता येत नाही, ती माहिती नव्हे, तो सल्ला. तो द्यायचा नाही.

गुरुजींचा दुसरा मुद्दा आम्ही घेतला. संदेशात चारच ओळी जातात, त्यामुळे पूर्ण उतारा, कलम, पुस्तकाचं नाव, आवृत्तीचं वर्ष हे सगळं छापून त्या अनुक्रमांकाच्या पाकिटात देवघेवीच्या टेबलाच्या खणात राहतं. कुणीही अनुक्रमांक सांगून मागावं, नाव विचारलं जात नाही. औषध आणि विषबाधेच्या प्रश्नांना संदेशावर उत्तर नाही, फक्त १०८ चा नंबर. २०१७ च्या फवारणीच्या हंगामात कीटकनाशकाच्या विषबाधेने माणसं दगावताना या जिल्ह्याने पाहिली, त्यानंतर यावर चर्चाही झाली नाही. पीकविम्याचे प्रश्न मात्र उलट, मिस्ड कॉलची वाट न बघता लगेच. तेव्हा नुकसान ७२ तासांत कळवायची अट होती, म्हणून थांबून चालत नव्हतं आणि त्यात लपवण्यासारखंही काही नसतं.

त्या बाईने सोमवारी सही केली की नाही, ग्रंथालयाला माहीत नाही. काही दिवसांनी अभ्यासिकेतली एक मुलगी टेबलाशी आली, अनुक्रमांक सांगितला आणि पाकीट घेऊन वर गेली. ‘मॅडम, याची झेरॉक्स मायले पायजे होती,’ एवढंच बोलली. बाईंनी एका पानाचे दोन रुपये घेतले, पावती दिली.

दोन कामं अजून राहिली आहेत. वारसा हक्काचं ते जुनं पुस्तक बाद करायचं तर निर्लेखनाची रीतसर प्रक्रिया करावी लागते, मंडळाचा ठराव लागतो. तोवर आतल्या पानावर ‘२००५ च्या आधीची आवृत्ती, ग्रंथपालांना विचारा’ अशी चिठ्ठी डकवली आहे. आणि हा सगळा व्यवहार चालतो ते सिमकार्ड अजून बाईंच्या स्वतःच्या नावावर आहे. त्या निवृत्त झाल्या की नंबर त्यांच्यासोबत जाईल, आणि त्यात साठलेले सगळ्यांचे प्रश्नही. ग्रंथालयाच्या नावाने वेगळं सिम घ्यायचं आणि महिन्याच्या शेवटी फोनमधले संदेश पुसायचे, असा ठराव मांडला आहे. गुरुजींनी अनुमोदन दिलं. रिचार्जचा खर्च कोणत्या शीर्षाखाली टाकायचा, यावर ते अडून बसले आहेत.